विश्लेषण : डिझेल गाडीचे इंजिन ऑइल निवडताना डब्याची मागची बाजू का वाचायला हवी?

गॅरेजच्या काउंटरवर इंजिन ऑइलचे दोन डबे शेजारी शेजारी ठेवलेले असतात. दोन्हींवर ठळक अक्षरांत ‘५डब्ल्यू-३०’ छापलेले, दोन्हींवर ‘फुल्ली सिंथेटिक’ लिहिलेले आणि दोन्ही डिझेल इंजिनासाठी योग्य असल्याचा दावा. किमतीत फरक काहीशे रुपयांचा. अशा वेळी बहुतेक गाडीमालक स्वस्त डबा उचलतात, किंवा ‘मेकॅनिक टाकेल ते’ म्हणून मोकळे होतात.

गाडी जुनी, म्हणजे बीएस ४ किंवा त्याआधीची असेल तर या निवडीने मोठे नुकसान होण्याची शक्यता कमी. पण गाडी बीएस ६ असेल तर यातला एक डबा सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला महागडा फिल्टर वर्षानुवर्षे थोडाथोडा भरत नेऊ शकतो. गाडी तेव्हाही व्यवस्थित पळत असते, इंजिनाचा आवाजही बदलत नाही. बिल येते ते दोन-तीन वर्षांनी. दोन डब्यांतला हा फरक पुढच्या मोठ्या आकड्यात नसतो, तो मागच्या बारीक अक्षरांत असतो.

हा प्रश्न आताच महत्त्वाचा का?

देशभरात बीएस ६ मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. भारताने बीएस ४ नंतर थेट बीएस ६ वर उडी घेतली, मधला बीएस ५ चा टप्पा वगळला. सुरुवातीच्या वर्षांत विकल्या गेलेल्या बीएस ६ डिझेल गाड्या आता कंपनीच्या वॉरंटीतून बाहेर पडल्या आहेत. वॉरंटी असेपर्यंत सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रात होते आणि ऑइल कोणते टाकायचे, याचा विचार मालकाला करावा लागत नाही. वॉरंटी संपली की गाडी घराजवळच्या गॅरेजमध्ये जाते किंवा सेकंड हँड बाजारात दुसऱ्याच्या हाती जाते.

अनेक गॅरेजांत आजही सगळ्या डिझेल गाड्यांसाठी एकच मोठा डबा उघडलेला असतो. जीप, टेम्पो, ट्रॅक्टर आणि नवी एसयूव्ही, सगळ्यांत तेच ‘१५डब्ल्यू-४०’. मेकॅनिक अनुभवी असतो आणि त्याच्या अनुभवात या ऑइलने कधी दगा दिलेला नसतो. त्याचे म्हणणे जुन्या गाड्यांपुरते बरोबरही असते. पण हा अनुभव ज्या इंजिनांवर जमा झाला, त्यांच्या सायलेन्सरमध्ये आजच्यासारखा फिल्टर नव्हता.

बीएस ६ डिझेल गाडीत नेमके काय बदलले?

लहान डिझेल मोटारीला बीएस ४ मध्ये दर किलोमीटरला २५ मिलिग्रॅम सूक्ष्म कण सोडण्याची मुभा होती. बीएस ६ मध्ये ही मर्यादा ४.५ मिलिग्रॅमवर आली. नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा २५० मिलिग्रॅमवरून ८० मिलिग्रॅमवर आली. यासोबत डिझेलही बदलले. त्यातील गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० भागांवरून १० भागांवर आणले गेले.

सूक्ष्म कणांची मर्यादा गाठण्यासाठी गाड्यांत ‘डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर’ म्हणजेच डीपीएफ आला. मधाच्या पोळ्यासारख्या बारीक नळ्यांचा हा सिरॅमिकचा ठोकळा असतो. एका नळीचे पुढचे तोंड बंद, तर शेजारच्या नळीचे मागचे तोंड बंद. त्यामुळे इंजिनातून आलेल्या धुराला नळीच्या सच्छिद्र भिंतीतूनच पलीकडे जावे लागते. वायू पार होतो, काजळी भिंतीवर अडकते. नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी अनेक गाड्यांत युरियाचे द्रावण वापरणारी वेगळी यंत्रणाही असते. त्या द्रावणाची टाकी निराळी असते आणि त्याचा इंजिन ऑइलशी संबंध नसतो.

अडकलेली काजळी साचत राहिली तर फिल्टर तुंबेल. म्हणून ठरावीक अंतराने गाडी ती स्वतःच जाळते. या प्रक्रियेला ‘रिजनरेशन’ म्हणतात. त्यासाठी फिल्टरचे तापमान साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे लागते. शहरातल्या संथ वाहतुकीत एक्झॉस्ट एवढा तापत नाही, त्यामुळे इंजिनाचा संगणक थोडे जादा डिझेल सोडून तापमान वाढवतो. काजळी जळून वायू होते आणि फिल्टर पुन्हा मोकळा होतो.

मग ऑइलचा संबंध येतो कुठे?

चुलीत लाकूड आणि कोळसा जळून जातो, राख मात्र मागे उरते. कितीही जाळ केला तरी ती जळत नाही, हाताने काढावी लागते. डीपीएफमध्येही असेच होते. रिजनरेशनमध्ये काजळी जळते, राख जळत नाही. आणि ही राख प्रामुख्याने इंजिन ऑइलमधून येते.

प्रत्येक इंजिन थोडे ऑइल जाळते. पिस्टनच्या रिंगांजवळून, टर्बोच्या सीलमधून किंवा क्रँककेसच्या वाफेतून ते ज्वलनकक्षापर्यंत पोहोचते. ऑइल म्हणजे केवळ तेल नव्हे. इंजिन स्वच्छ ठेवण्यासाठी त्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमची संयुगे घातलेली असतात. झीज रोखण्यासाठी जस्त आणि फॉस्फरसची संयुगे असतात. तेल जळते, पण या धातूंची राख उरते आणि धुरासोबत जाऊन फिल्टरमध्ये बसते.

ऑइल जाळल्यावर किती राख उरते, हे मोजण्याची प्रमाणित चाचणी आहे. त्या मापाला ‘सल्फेटेड अ‍ॅश’ म्हणतात. राख, फॉस्फरस आणि गंधक या तिन्हींचे प्रमाण कमी असलेल्या ऑइलला ‘लो सॅप्स’, मध्यम असलेल्याला ‘मिड सॅप्स’ आणि जुन्या धाटणीच्या ऑइलला ‘फुल सॅप्स’ म्हणण्याची पद्धत आहे.

आकड्यांत हा फरक किती?

एक ढोबळ हिशोब करून पाहू. समजा, एखादी गाडी दर हजार किलोमीटरला १०० मिलिलिटर ऑइल जाळते. १ लाख किलोमीटरमध्ये हे १० लिटर होते, म्हणजे वजनाने साधारण साडेआठ किलो. ऑइलमध्ये राखेचे प्रमाण ०.८ टक्के असेल तर सुमारे ६८ ग्रॅम राख तयार होईल. तेच प्रमाण १.५ टक्के असेल तर राख सुमारे १२८ ग्रॅम, म्हणजे जवळपास दुप्पट.

प्रत्येक गाडी किती ऑइल जाळते हे वेगवेगळे असते आणि सगळीच राख फिल्टरमध्ये अडकते असेही नाही. पण गुणोत्तर तेच राहते. याचा साधा अर्थ असा की, जो फिल्टर योग्य ऑइलवर दोन लाख किलोमीटर टिकू शकला असता, तो चुकीच्या ऑइलवर त्याच्या बऱ्याच आधी राखेने भरू शकतो.

राख साचली की काजळीसाठी जागा कमी उरते. मग रिजनरेशन लवकर लवकर करावे लागते. त्यासाठी जास्त डिझेल जळते, अ‍ॅव्हरेज पडते, पिकअप मंदावतो. शेवटी डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि इंजिन ताकद कमी करून ‘लिंप मोड’मध्ये जाते. राख काढण्यासाठी फिल्टर गाडीतून उतरवून खास यंत्रावर साफ करावा लागतो. ते शक्य नसेल तर बदलावा लागतो. या फिल्टरवर प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंचा लेप असतो. त्यामुळे नव्या फिल्टरचा खर्च अनेक गाड्यांत लाखाच्या घरात जातो. टॅक्सी किंवा मालवाहतुकीवर ज्याचे घर चालते, त्याच्यासाठी हे काही महिन्यांच्या कमाईएवढे बिल असू शकते.

‘५डब्ल्यू-३०’ हा आकडा काय सांगतो?

हा आकडा फक्त ऑइलचा दाटपणा सांगतो. तो अमेरिकेतील ‘सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स’ म्हणजे एसएई या संस्थेच्या पद्धतीने ठरतो. ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्यासाठी इंग्रजीत असलेल्या ‘विंटर’ या शब्दाचे. त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहते ते दाखवतो. ५डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी उणे ३० अंशांवर होते, १५डब्ल्यूची उणे २० अंशांवर. शेवटचा आकडा १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो. ‘३०’ साठी तो ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स आणि ‘४०’ साठी १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स या पट्ट्यात असावा लागतो.

‘आपल्याकडे एवढी थंडी कुठे पडते? मग पातळ ऑइल कशाला?’ हा प्रश्न गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतो. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, त्यामुळे तिथे दाट ऑइलच बरे, असेही मानले जाते. पण चालू इंजिनाचे तापमान थर्मोस्टॅट आणि कूलंट नियंत्रित करतात. बाहेर ३० अंश असोत की ४५, आतल्या ऑइलच्या तापमानात तेवढा फरक पडत नाही. उलट सकाळी गाडी सुरू करताना, मग ते इंजिन २५ अंशांवर का असेना, ऑइल त्याच्या कामाच्या तापमानाच्या मानाने कितीतरी दाट असते. ते टर्बोच्या बेअरिंगपर्यंत जितक्या लवकर पोहोचेल तितकी झीज कमी. कंपनीने ज्या दाटपणासाठी बेअरिंगमधल्या फटी आणि ऑइल पंप बनवले आहेत, त्याहून दाट ऑइल टाकून संरक्षण वाढत नाही. काही मॅन्युअलमध्ये एकापेक्षा जास्त ग्रेड दिलेल्या असतात. निवड त्या यादीतूनच करावी.

महत्त्वाचे म्हणजे या आकड्यात राखेचा कुठेही उल्लेख नसतो. ५डब्ल्यू-३० ऑइल कमी राखेचेही असू शकते आणि जास्त राखेचेही. काउंटरवरच्या त्या दोन डब्यांतला फरक इथेच आहे.

मागच्या बाजूला कोणती अक्षरे शोधायची?

डब्याच्या मागे साधारण तीन प्रकारच्या खुणा असतात.

पहिली अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट म्हणजेच एपीआयची. ‘एस’ने सुरू होणारी श्रेणी पेट्रोल इंजिनासाठी, ‘सी’ने सुरू होणारी डिझेलसाठी. भारतात सर्वाधिक दिसणारी सीआय-४ ही श्रेणी २००२ मधली आहे, म्हणजे डीपीएफच्या आधीच्या काळातली. तिच्यात राखेवर मर्यादा नाही. सीजे-४ ही २००६ मधली आणि सीके-४ ही डिसेंबर २०१६ मधली श्रेणी डीपीएफ असलेली इंजिने डोळ्यांसमोर ठेवून बनवली गेली. या दोन्हींत राख कमाल १ टक्का. मात्र एपीआयच्या ‘सी’ श्रेणी मुळात ट्रक आणि बससारख्या अवजड वाहनांच्या इंजिनांसाठी आहेत, हे लक्षात ठेवावे लागते.

दुसरी खूण युरोपातील वाहननिर्मात्यांच्या एसीईए या संघटनेची. लहान डिझेल मोटारी आणि एसयूव्हींसाठी हीच जास्त उपयोगाची. त्यातील ‘सी’ गट एक्झॉस्टमधील फिल्टर आणि कॅटॅलिस्ट सांभाळणाऱ्या ऑइलचा आहे. सी२, सी३ आणि सी५ मध्ये राख कमाल ०.८ टक्के, तर सी४ मध्ये कमाल ०.५ टक्के. याउलट ‘ए३/बी४’ या श्रेणीत राख १.६ टक्क्यांपर्यंत असू शकते. ए३/बी४ हे ऑइल निकृष्ट नाही. ते उत्तम संरक्षण देते, पण डीपीएफ नसलेल्या इंजिनांना.

इथे अक्षरांचा एक घोळ होतो. एसीईएचा ‘सी’ आणि एपीआयचा ‘सी’ यांचा परस्परांशी संबंध नाही. ‘सीआय-४’ म्हणजे ‘सी४’ नव्हे. अक्षरे सारखी दिसली तरी राखेच्या बाबतीत या दोन्ही श्रेणी दोन टोकांना आहेत.

सी गटातल्या श्रेणीही एकमेकींच्या जागी चालतीलच असे नाही. सी३ मध्ये उच्च तापमानाला आणि ताणाखाली तेलाचा थर तुलनेने जाड राहतो. सी२ आणि त्याहून अधिक सी५ मध्ये इंधन वाचवण्यासाठी तो पातळ ठेवलेला असतो. सी३ साठी बनलेल्या इंजिनात सी५ टाकले तर राखेचा प्रश्न सुटेल, पण बेअरिंगला अपेक्षित थर मिळणार नाही.

तिसरी खूण वाहन कंपनीच्या स्वतःच्या मान्यतेची. उदाहरणार्थ, फोक्सवॅगन ५०७ ००, मर्सिडीज-बेंझ २२९.५१ किंवा २२९.५२, बीएमडब्ल्यू लाँगलाइफ-०४. काही जपानी बनावटीच्या डिझेल गाड्यांना जासो डीएल-१ लागते. काही भारतीय कंपन्याही स्वतःचे स्पेसिफिकेशन मॅन्युअलमध्ये देतात. तसे असेल तर इतर कोणत्याही खुणेपेक्षा ते आधी पाहावे. डब्यावर ‘मान्यताप्राप्त’ लिहिले आहे की नुसते ‘अशा गाड्यांसाठी योग्य’, हेही तपासावे. पहिल्यात कंपनीने ऑइल तपासून मान्य केलेले असते, दुसरा ऑइल बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा असतो.

आपल्या गाडीला कोणते ऑइल?

खात्रीचे उत्तर गाडीच्या मॅन्युअलमध्येच असते. छापील पुस्तिका हरवली असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर ती मिळते. त्यातले ‘इंजिन ऑइल’चे पान मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवले की काउंटरवर वाद घालावा लागत नाही. तरीही ढोबळ चित्र असे :

- बीएस ६ डिझेल मोटार किंवा एसयूव्ही : मॅन्युअलमध्ये दिलेली ग्रेड आणि त्यासोबत एसीईए सी गटातली नेमकी श्रेणी किंवा कंपनीची मान्यता. दोन्ही अटी एकाच डब्याने पूर्ण करायला हव्यात. नुसते सीके-४ वाचून डबा घेऊ नये, कारण त्यातली १ टक्का राख सी३ च्या मर्यादेपेक्षा जास्त आहे.

- बीएस ६ पिकअप, टेम्पो, ट्रक : यात कंपनीनुसार सीके-४ किंवा एसीईएच्या ‘ई’ गटातील कमी राखेची श्रेणी सांगितलेली असते. एपीआयची ‘एफए-४’ ही श्रेणी दिसली तर सावध राहावे. ती विशिष्ट नव्या इंजिनांसाठीची पातळ ऑइल आहेत, जुन्या इंजिनांत सरसकट चालत नाहीत.

- बीएस ४ आणि त्याआधीच्या, डीपीएफ नसलेल्या गाड्या : मॅन्युअलप्रमाणे सीआय-४ किंवा ए३/बी४ पुरेसे आहे. या गाड्यांना कमी राखेच्या महाग ऑइलची गरज नाही.

- ताफ्यात जुन्या-नव्या दोन्ही गाड्या : सीके-४ ही श्रेणी जुन्या सीआय-४ इंजिनांतही चालेल अशी बनवलेली आहे. त्यामुळे ताफ्यातल्या नव्या अवजड गाड्यांना सीके-४ सांगितलेले असेल आणि दाटपणाची ग्रेड जुळत असेल, तर एकच ऑइल ठेवता येते. उलट दिशेने, म्हणजे सीआय-४ नव्या गाडीत टाकून बचत करता येत नाही.

ऑइलची पातळी वाढली तर ती चांगली बातमी नव्हे

ऑइल कमी होणे सर्वांना कळते. बीएस ६ डिझेलमध्ये ते वाढूही शकते. रिजनरेशनसाठी सोडलेल्या जादा डिझेलपैकी थोडे सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली चेंबरमध्ये उतरते. रिजनरेशन पूर्ण झाले तर हे प्रमाण मर्यादेत राहते. पण रोज चार-पाच किलोमीटरचा प्रवास, सिग्नलला थांबत जाणे आणि मध्येच इंजिन बंद करणे असे चालले तर प्रक्रिया दरवेळी अर्धवट राहते, पुन्हा सुरू होते आणि डिझेल ऑइलमध्ये मिसळत जाते.

पाच लिटर ऑइलमध्ये पाव लिटर डिझेल मिसळले तरी दाटपणा घटतो. म्हणजे डबा अगदी योग्य घेतला तरी चेंबरमध्ये तसे ऑइल उरत नाही. पातळी फारच वाढली तर ऑइल हवेच्या मार्गातून सिलिंडरमध्ये ओढले जाऊन इंजिन आपोआप वेग घेण्याचा गंभीर धोका असतो.

म्हणून महिन्यातून एकदा डिपस्टिक पाहणे आवश्यक. गाडी सपाट जागी उभी करून, मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे काही मिनिटे थांबून पातळी पाहावी. ती वरच्या खुणेच्या पुढे असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर किलोमीटर पूर्ण होण्याची वाट न पाहता ऑइल बदलावे.

आयडलिंगचा वेग किंचित वाढणे, गाडी थांबवल्यावरही पंखा जोरात फिरत राहणे, गरम वास येणे ही रिजनरेशन सुरू असल्याची लक्षणे. शक्य असेल तर तेव्हा इंजिन बंद करू नये. डीपीएफचा दिवा लागला तर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या वेगाने मोकळ्या रस्त्यावर सलग गाडी चालवावी. सहसा १५ ते २० मिनिटांत काम होते. शहरात फिरणाऱ्या गाडीला आठवड्यातून एकदा महामार्गावर नेण्याचा सल्ला याचसाठी दिला जातो.

मॅन्युअलमध्ये ऑइल बदलण्याचे दोन तक्ते असतात, हेही अनेकांच्या नजरेतून सुटते. एक सामान्य वापरासाठी, दुसरा खडतर वापरासाठी. कमी अंतराच्या फेऱ्या, धुळीचे रस्ते, जास्त वेळ आयडलिंग, टॅक्सी म्हणून वापर हे सगळे दुसऱ्या तक्त्यात येते. भारतातल्या शहरांतला रोजचा वापर बऱ्याचदा याच तक्त्यात बसतो.

काळे ऑइल, सिंथेटिक आणि इतर समजुती

डिझेल इंजिनातले ऑइल काही दिवसांतच काळे पडते. याचा अर्थ ते खराब झाले असा नाही. काजळी पकडून तरंगत ठेवणे हे त्याचे कामच आहे. केवळ रंग पाहून ऑइल बदलण्याची गरज नसते.

‘सिंथेटिक’ म्हणजे आपोआप डीपीएफसाठी योग्य, हाही गैरसमज आहे. सिंथेटिक हा शब्द मूळ तेलाविषयी सांगतो, राखेविषयी नाही. पूर्ण सिंथेटिक ऑइल फुल सॅप्स असू शकते. ‘प्रीमियम’, ‘टर्बो’, ‘अल्ट्रा’ या शब्दांना तर कोणतीच व्याख्या नाही.

ऑइलमध्ये वेगळी बाटली ओतून ‘ताकद’ वाढवण्याचे उपायही टाळावेत. झीज रोखणाऱ्या अशा अनेक मिश्रणांत जस्त-फॉस्फरसचीच संयुगे असतात. म्हणजे कमी राखेच्या ऑइलसाठी जादा पैसे मोजायचे आणि मग वरून राख वाढवायची. इंधनात टाकायची डीपीएफ क्लीनरची बाटली काजळी जळायला मदत करू शकते, साचलेली राख मात्र काढू शकत नाही.

बनावट ऑइल कसे टाळायचे?

जुने ऑइल गाळून, रिकाम्या कंपनीच्या डब्यात भरून विकण्याचा धंदा नवा नाही. अशा ऑइलमध्ये राख किती, हे कोणीच सांगू शकत नाही. त्यामुळे सुटे ऑइल घेऊ नये. डबा आपल्यासमोर फोडायला सांगावा. सील, बॅच क्रमांक, पॅकिंगची तारीख आणि असल्यास क्यूआर कोड तपासावा. ऑइल ओतून झाल्यावर रिकाम्या डब्याला भोक पाडावे किंवा त्याचे झाकण मोडावे.

बिलावर केवळ ‘इंजिन ऑइल’ न लिहिता ब्रँड, ग्रेड आणि श्रेणी लिहून घ्यावी. वॉरंटी किंवा एक्स्टेंडेड वॉरंटीचा दावा करताना आणि पुढे गाडी विकतानाही हे बिल कामी येते. सेकंड हँड बीएस ६ डिझेल घेणाऱ्यानेही हीच बिले मागावीत. सोबत स्कॅनर लावून डीपीएफमधील काजळीची पातळी, फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक आणि गाडीत उपलब्ध असल्यास राखेचा अंदाज पाहून घ्यावा. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीतला भरत आलेला फिल्टर नुसती चक्कर मारून कळत नाही.

चुकीचे ऑइल पडलेच असेल तर?

घाबरण्याचे कारण नाही. राख हजारो किलोमीटरमध्ये साचते, एका दिवसात नाही. प्रवासात पातळी खालच्या खुणेखाली गेली आणि योग्य ऑइल मिळत नसेल, तर कमी ऑइलवर गाडी पळवण्यापेक्षा दुसऱ्या ऑइलचा थोडा टॉप-अप बरा. काही मॅन्युअलमध्ये अशी अर्धा लिटरपर्यंत मुभा दिलेली असते. संपूर्ण ऑइलच चुकीचे भरले गेले असेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत न थांबता ते फिल्टरसह बदलून घ्यावे.

गाडी नेहमीपेक्षा जास्त ऑइल पित असेल तर मात्र कारण शोधावे. टर्बोचे सील किंवा पिस्टन रिंग खराब असतील, तर योग्य ऑइलही डीपीएफला वाचवू शकत नाही, कारण जळणाऱ्या ऑइलचे प्रमाणच वाढलेले असते.

फिल्टर भरल्यावर काही ठिकाणी तो आतून पोकळ करून, संगणकातले सॉफ्टवेअर बदलून देण्याचा ‘स्वस्त’ उपाय सुचवला जातो. कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या कक्षेत येतो. शिवाय ज्या सूक्ष्म कणांसाठी ही सगळी यंत्रणा उभी राहिली, ते कण पुन्हा रस्त्यावरच्या माणसांच्या फुप्फुसांत जातात.

ऑइल घेण्यापूर्वी चार गोष्टी

मॅन्युअलमधली ग्रेड आणि श्रेणी, दोन्ही डब्याच्या मागच्या बाजूला जुळवा. डीपीएफ असलेल्या गाडीत ए३/बी४ किंवा सीआय-४ नको. सील आपल्यासमोर फोडा आणि बिलावर पूर्ण नाव लिहून घ्या. आणि ऑइल बदलल्यावर डिपस्टिक विसरू नका, पातळी कमी होते का तसेच वाढते का, दोन्ही पाहा. योग्य डब्यासाठी दर सर्व्हिसिंगला जाणारे जादा पैसे काही वर्षे एकत्र केले, तरी ते एका नव्या डीपीएफच्या किमतीच्या आसपासही जात नाहीत.